माझ्या कपाळाचा ठराव

अहो,

काल चाळीच्या चौकात तुमची शोकसभा झाली. तुम्ही नव्हतात तेच बरं. असतात तर मधूनच उठला असतात आणि जाताना मास्तरांची खुर्ची लाथाडून गेला असतात.

शांताराम मास्तर अध्यक्ष होते. वक्तेही तेच, आणि शेवटी स्वतःचे आभार मानायचे तेवढे राहिले. ते म्हणाले, तुम्ही अजातशत्रू होतात. ऐका! नळावर बादली भरून वाहू देणाऱ्या प्रत्येकाशी तुमचं वैर, पलीकडच्या खोलीतल्या रेडिओशी वैर, जिन्यात थुंकणाऱ्यांशी तर हातघाईचं वैर. मग म्हणाले, तुम्ही मृत्यूला हसत हसत सामोरे गेलात. तुमच्या तोंडाची उजवी बाजू खाली ओघळली होती, त्याला मास्तर हसणं म्हणतात. आणि शेवटी आवाज चढवून म्हणाले, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातला एक मूक सैनिक आपण गमावला. मूक! आजाराने वाचा गेली होती तुमची. लढ्याशी तिचा काय संबंध? लोकांनी माना हलवल्या. काहींनी डोळे पुसले. मी पदर तोंडाला लावून बसले होते, तर बायकांना वाटलं मी रडतेय.

मला बोला असं कोणी म्हटलं नाही. शोकसभेत बायकोने बसायचं असतं. म्हणून हे लिहितेय. तुम्हालाच लिहितेय, कारण बाकीच्यांशी बोलून मी विटलेय.

या सगळ्याला सुरुवात झाली ती रघुनाथमुळे. तुमच्याच बरोबरीचा ट्राम ड्रायव्हर, तुमच्यासारखाच पेन्शनीत निघालेला. तो आजारी पडला, त्याला इस्पितळात ठेवलं आणि तुम्ही त्याला बघायला गेलात. परत आलात ते भरल्या ताटावरून उठलात.

"त्याचे हात खाटेला बांधलेत," तुम्ही म्हणालात. "बँडेजच्या पट्टीने. नळी उपसतो म्हणून. मला म्हणतो, सोड रे, बायकोला बोलाव. तिला भेटायच्या वेळेत या सांगून बाहेर काढलेली. ती फाटकाशी बसलीय आणि हा आत बांधलेला."

रघुनाथ तसाच गेला. ती फाटकाशीच होती. त्यानंतर बरेच दिवस तुम्ही खिडकीशी बसून उजवा पाय जमिनीवर आपटत होतात. जन्मभर पायाखालची घंटा वाजवून ट्राम हाकलीत, त्यामुळे काही सुचेनासं झालं की तो पाय आपसूक चालायचा. खालच्या खोलीतली माणसं काठीने छत ठोकायची.

मग एका रविवारी तुम्ही सगळ्यांना बोलावलंत. आपला वसंता आणि सूनबाई कुमुद दादरहून आले. वसंता स्वतंत्र संडासाच्या ब्लॉकमध्ये राहायला गेल्यापासून चाळीचा जिना चढताना नाकाला रुमाल लावतो, तसा लावून आला. तुमचे थोरले भाऊ डोळ्यांच्या औषधाला गावाहून आले होते, ते होतेच. मास्तर आले, कारण आपल्या चाळीत मांजर व्यायली तरी मास्तर लागतात. आणि कांबळे आले. तुमच्या गाडीवरचे कंडक्टर, परळच्या चाळीत राहणारे. त्यांनी नुकतीच बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती आणि घरातले देव बाहेर काढले होते.

कांबळे दाराबाहेरच्या स्टुलावर बसले. अर्धं आयुष्य तुम्ही दोघं एका डब्यातून जेवलात, पण थोरल्या भावोजींसमोर त्यांना आत या म्हणायला तुमची जीभ उचलली नाही. शेवटी मी म्हटलं, "कांबळे, आत बसा."

"इथं वारा आहे, वहिनी," ते हसून म्हणाले.

वारा कसला, त्या कोपऱ्यात संडासाचा वास येतो. तुमच्या शौर्याची हद्द त्या उंबरठ्यापर्यंत होती. हे इथे लिहून ठेवते, म्हणजे मास्तरांचं भाषण कोणी खरं धरायला नको.

मी आणि कुमुद आत पोह्यांच्या मागे लागलो होतो. तुम्ही उभे राहिलात, चौकशीसाठी साहेबापुढे उभे राहायचात तसे, आणि म्हणालात, "मला मरणाबद्दल चार शब्द बोलायचेत."

झालं. खोलीत पाल पडावी तशी माणसं दचकली.

"बाबा, काहीतरीच काय! तुम्ही शंभर वर्षं जगाल," वसंता म्हणाला.

या वाक्याइतका तिटकारा मला दुसऱ्या कशाचा नाही. दिसायला आशीर्वाद, असायला तोंडात कोंबलेला बोळा. म्हाताऱ्याने मरणाचं नाव काढलं की हा बोळा तयार. म्हणणाऱ्याचं काही जात नाही, उलट प्रेमळ म्हणून नाव होतं.

थोरले भावोजी कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "रे मेल्या, बरा चाललाहा तर असला अभद्र कित्याक बोलतस?"

आणि मास्तर! "मुंबई महाराष्ट्रात आल्याशिवाय तुम्हाला जाता यायचं नाही. आमची परवानगीच नाही!" असं म्हणून ते स्वतःच हसले, आणि तिथून गाडी मुंबईवर घसरली. दिल्लीत कोण काय बोललं, कोणाची फूस आहे, कुठल्या नाक्यावर किती गर्दी जमली. वसंता, जो मोर्चाच्या दिवशी ताप आला म्हणून घरी झोपतो, तोही हातवारे करून बोलू लागला. मुंबई कोणाची, यावर ही मंडळी घसा बसेपर्यंत बोलतील. एका म्हाताऱ्याला कुठल्या खोलीत मरायचंय, यावर त्यांना वाक्य पुरं करवेना.

तेव्हा तुम्ही पाय आपटलात. जोरात. मला त्या वेळी तुमचा अभिमान वाटला. तो पुढे फार टिकला नाही, ते येतंच.

"मला काही झालं तर इस्पितळात न्यायचं नाही," तुम्ही म्हणालात. "इथे, या खिडकीशी ठेवायचं. रस्ता दिसला पाहिजे. मेल्यावर इथल्याच स्मशानात जाळायचं. अस्थी गावाला न्यायच्या नाहीत. गाव मला जेवायला घालू शकलं नाही म्हणून मी इथे आलो. आता राख होऊन त्याच्याकडे जायचं मला कारण नाही. आणि तेराव्याच्या पंगती घालायच्या नाहीत."

"गावात म्हायती पडला तर माका तोंड दाखवूक जागा रवायची नाय," भावोजी म्हणाले. भाऊ मरणार याचं त्यांना काही नव्हतं, तोंडाच्या जागेची काळजी होती.

कांबळे बाहेरून बोलले, "काय चुकीचं सांगतायत ते? मी पण घरात सांगून ठेवलंय. पोरगा म्हणाला, बाबा, वंदना कोण म्हणणार? म्हटलं, तू म्हणायची. आत्तापासून पाठ कर, तिथं अडखळशील. हसलो दोघं. त्यात रडायचं काय आहे?"

भावोजींनी भिंतीकडे तोंड केलं, जणू भिंतच बोलली होती.

आणि मग तुम्ही शेवटचं बोललात. आत माझ्याकडे हात केलात आणि म्हणालात, "ही माझी बायको. मी गेल्यावर हिच्या बांगड्या फोडायच्या नाहीत आणि हिचं कुंकू पुसायचं नाही. हा माझा ठराव आहे."

मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. सुधारणा कानावर पडली की त्यांचे हात आपोआप जुळतात. त्यांची विधवा बहीण त्यांच्याच घरी हळदीकुंकवाच्या दिवशी आतल्या खोलीत बसून असते. टाळी तिला भिंतीतून ऐकू गेली असेल.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणजे माझ्या कपाळाकडे बघितलं. ते कपाळ जिच्या डोक्याला आहे तिच्याकडे कोणी बघितलं नाही. तुम्हीसुद्धा नाही. मी हातातला झारा कढईवर ठेवला आणि कुमुदला म्हटलं, "पोहे तू दे." त्या सभेत मला बसवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तांदूळ निवडत होते. तुम्ही शाबासकीची वाट बघत समोर येऊन बसलात.

"काल बोललो ते कसं वाटलं?" तुम्ही विचारलंत.

"माझ्या कपाळाचा ठराव मांडायच्या आधी मला विचारलं होतंत का?"

तुम्ही गोंधळलात. "म्हणजे? तुझ्या भल्याचंच बोललो ना?"

"बाई ट्राममध्ये चढली, तर ती कुठे उतरणार हे न विचारता तिला तुमच्या पसंतीच्या स्टॉपवर उतरवायचात का?"

"तिकीट कांबळे फाडायचा. मी फक्त गाडी हाकायचो."

"तेच म्हणतेय मी. फक्त गाडी हाकलीत."

तुम्ही चिडलात. "मग तुला काय, बांगड्या फोडून घ्यायच्यात?"

"मला काय हवंय ते मी सांगेन. विचारा तर खरं."

तुम्ही विचारलं नाहीत. टोपी घेतलीत आणि खाली गेलात. मेल्यावर तुमचं काय करायचं हे तुम्ही भावाला सांगितलंत, मुलाला सांगितलंत, त्या भाषणबाज मास्तरांना सांगितलंत. प्रत्येकाला वर विचारलंत, "पटतंय ना?" ज्या खोलीत तुम्हाला मरायचं होतं, त्या खोलीत तुमचं हगणंमुतणं कोण काढणार होतं? तिला 'पटतंय ना' नाही. ती आत होती, पोहे परतत.

पुढे आपण बोलायचो, पण भाजी, औषध, पेपर एवढंच. तुमचे डोळे थकल्यापासून मी तुम्हाला पेपर वाचून दाखवायची. चळवळीच्या बातम्या तुम्ही कान टवकारून ऐकायचात. मुंबई आपली झाली पाहिजे म्हणून तावातावाने बोलायचात, आणि ट्राम जाळल्याची बातमी आली की जाळणाऱ्यांना अशा शिव्या घालायचात की मला पेपर खाली ठेवावा लागायचा. "मुंबई घ्या की रे, ट्रामने तुमचं काय घोडं मारलंय?" तुमच्या तेवढ्या दोन्ही बाजूंना मी कधी नावं ठेवली नाहीत. तो माणूस मला आवडायचा.

मग ती सकाळ. तुम्ही गॅलरीत दाढी करत होतात. आरसा पडल्याचा आवाज आला. मी बाहेर आले तर तुम्ही कठड्याला डाव्या हाताने लोंबकळत होतात, अर्ध्या गालाला साबण. शेजाऱ्यांनी आत आणलं. मी तुम्हाला खिडकीशी निजवलं, तुम्ही सांगितलं होतं तिथेच. गालावरचा साबण पुसला. नाक्यावरचे डॉक्टर आले. माणूस सरळ आहे. म्हणाले, "उजवी बाजू गेलीय, वाचा गेलीय. इस्पितळात नेलंत तरी फार काही होईल असं मला वाटत नाही. घरी ठेवलंत तरी चूक नाही." कांबळे उशाशी बसले होते. आत, या खेपेला. तुमचे डोळे रस्त्याकडे होते. सगळं तुमच्या मनासारखं चाललं होतं.

तेवढ्यात वसंता टॅक्सी घेऊन आला, मास्तरांना बरोबर घेऊन.

"आई, अजून इथेच? चला, उचला!"

"त्यांनी तुझ्यासमोर सांगितलंय, इस्पितळात न्यायचं नाही."

"ते काय मनावर घ्यायचं बोलणं होतं? माणूस बोलतो असं."

"मग मनावर घ्यायचं बोलणं कुठलं असतं रे? ते तरी सांगून ठेव."

"लोक काय म्हणतील?" त्याने दबक्या आवाजात म्हटलं. "मुलगा ऑफिसात, राहतो ब्लॉकमध्ये, आणि बापाला चाळीत मरू दिलं?"

मास्तर म्हणाले, "वहिनी, भावनेच्या भरात निर्णय घेऊ नका."

भावनेच्या भरात! मी तुमच्या खांद्याला धरून बसले होते, माझी बोटं एकेक करून सोडवली माझ्या मुलाने. तुम्हाला चादरीत घालून नेलं. चादरीतून तुमचा डावा हात बाहेर येऊन दाराची चौकट धरत होता. वसंताने तोही सोडवला. बापाचं भलं करताना त्याला जोर आला होता.

इस्पितळाचं मी काही बोलत नाही. तिथल्या माणसांना तुम्ही काही सांगितलं नव्हतंत. ते त्यांचं काम करत होते. तुम्ही डाव्या हाताने नळी ओढलीत, त्यांनी हात बांधला. मला वेळ संपली म्हणून बाहेर काढलं. मी फाटकाशी जाऊन बसले. तिथे बसल्यावर मला रघुनाथची बायको आठवली आणि तिच्याशी आपण कधी धड चार शब्द बोललो नाही हेही आठवलं. वसंता संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर यायचा, खाटेशी उभा राहायचा, घड्याळ बघायचा, आणि बाहेर येऊन मला सांगायचा, "उत्तम ट्रीटमेंट चाललीय." बांधलेला हात त्याला दिसत नव्हता असं नाही. पण तो बांधलेला हात त्याला चार लोकांत दाखवता येत होता. घरातला सुटा हात दाखवता आला नसता.

पुढे हरताळ झाला. सगळं बंद. वसंता आला नाही, कारण दादरहून येणार कसा? पायांनी यायचं असतं हे ब्लॉकमध्ये विसरतात. कांबळे मात्र चालत आले. मी त्यांना म्हटलं, "यांना घरी न्यायचंय. आजच. कोणी अडवायला नाही तोवर."

त्यांनी 'विचार करा' म्हटलं नाही. "गाडी बघतो," म्हणाले.

आतल्या तरुण डॉक्टरला मी सांगितलं, हा माणूस माझा नवरा आहे, त्याला घरी मरायचंय. त्याने विचारलं, "त्यांनीच सांगितलंय असं?" अहो, एवढ्या सगळ्यांत हे त्या परक्या पोराने विचारलं. मी हो म्हटलं. त्याने स्वतःच्या हाताने पट्टी सोडली.

टॅक्सी कुठून मिळणार? कांबळ्यांनी भाजीबाजारातून हातगाडी आणली. तिच्यावर गोणपाट, गोणपाटावर माझी शाल, शालीवर तुम्ही. कांबळे आणि त्यांच्या चाळीतले दोघे गाडी ढकलत होते, मी तुमच्या डोक्याशी चालत होते. सगळा रस्ता मोकळा. दुकानांच्या फळ्या लागलेल्या, रस्त्यात दगड आणि चपला. परळच्या इस्पितळापासून लालबागच्या आपल्या चाळीपर्यंत ट्रामच्या रुळांमधून गेलो, कारण तिथलीच फरशी त्यातल्या त्यात सपाट होती. तुम्ही डोळे उघडे ठेवून वरच्या तारेकडे बघत होतात. तुमच्या हद्दीतून, तुमच्या रुळांवरून, एकही गाडी आडवी न येता तुम्ही गेलात. असा रस्ता नोकरीत तुम्हाला एकदाही मिळाला नसेल.

एका नाक्यावर पोलिसाने अडवलं. "मयत आहे?"

"नाही. आहेत अजून," मी म्हटलं.

"मग उलटे का चाललात? इस्पितळ मागे राहिलं."

"तिथूनच आणलंय. त्यांना घरी जायचंय."

त्याने गाडीत वाकून बघितलं आणि बाजूला झाला.

पुढे पोरांचा घोळका आला. त्यांना वाटलं, गोळी लागलेला माणूस चाललाय. कोणीतरी ओरडलं, आणि गाडीभोवती घोषणा सुरू झाल्या. झालाच पाहिजे, झालाच पाहिजे! एकाने कुठून तरी झेंडूचा हार आणून तुमच्या छातीवर टाकला. तुम्ही बावरलात, डावा हात हलवू लागलात. पोरांना वाटलं तुम्ही त्यांना हात दाखवताय, ती आणखी चेकाळली.

"गप्प बसा!" मी ओरडले. "गोळी लागलेली नाही. म्हातारे आहेत, आजारी आहेत. घरी चाललेत. त्यांना त्रास होतोय."

पोरं हिरमुसली. एक जण हार परत घेऊन गेला, खरंच सांगते. दुसऱ्या कोणासाठी लागेल म्हणून असेल. चाळीपर्यंत पोचेस्तोवर ही बातमी मास्तरांच्या कानी गेली होती, आणि कालचा तो मूक सैनिक तिथे जन्माला आला.

खिडकीशी तुम्ही थोडेच दिवस काढलेत. पण काढलेत. हरताळ संपून पहिली ट्राम खालून गेली तेव्हा तुमचा श्वास बदलला, हे मी बघितलं. मी तुमचं सगळं केलं आणि ते करताना तुमच्याशी भांडलेसुद्धा. तुम्हाला उलटं बोलता येत नव्हतं, त्यामुळे त्यात मजा नव्हती. एका दुपारी मी तुमचं तोंड पुसत होते. तुम्ही डावा हात वर आणलात आणि अंगठा माझ्या कुंकवावर टेकवलात. भुवई, एकच हलत होती ती, वर गेली. मी थांबले.

"आत्ता विचारताय होय?" मी म्हटलं.

भुवई वरच राहिली. वसंता नंतर म्हणाला, अशा आजारात हात भरकटतो, त्याला अर्थ नसतो. कांबळे म्हणाले, विचारलंच त्यांनी. मला दोघांचाही दाखला नको. मी उत्तर दिलं. "माझं मी बघेन," म्हटलं. तुम्ही हात खाली घेतलात. त्यानंतर तुम्ही शांत झोपलात. राग आला असेल तर तुम्ही तो दाखवला नाहीत, त्याबद्दल आभार.

तुम्ही गेलात आणि सगळे आले. ज्यांना जिना चढवत नव्हता ते पळत आले. कांबळे तिरडी बांधायला वाकले, तेव्हा थोरले भावोजी मास्तरांच्या कानात काहीतरी बोलले. मास्तर कांबळ्यांना म्हणाले, "तुम्ही जरा मागून चला." शोकसभेत समतेवर बोललेले मास्तर हेच. मी सगळ्यांदेखत म्हटलं, "पुढचा खांदा कांबळ्यांचा. ज्याला चालत नसेल त्याने घरी बसावं." कोणी घरी बसलं नाही. भावोजीसुद्धा मागून आले. गावाला कळणार नव्हतं ना.

मग बायका माझ्यापाशी आल्या. पुढे समोरच्या खोलीतली म्हातारी, हातात ओलं फडकं. "चल गो बाय, रीत असता ती," म्हणाली. मागून मास्तर दारातून ओरडले, "नाही, नाही! त्यांचा ठराव आहे, कुंकू पुसायचं नाही!" एका बाजूला फडकं, एका बाजूला ठराव, आणि मध्ये माझं डोकं.

"दोघंही बाहेर व्हा," मी म्हटलं.

बांगड्या मी माझ्या हाताने काढल्या. फोडल्या नाहीत, काढल्या. तुम्ही नाही म्हणाला होतात, तरी काढल्या. तुम्ही त्यांचा आवाज ऐकून ओळखायचात की मी जिन्यात आलेय. आता तो ऐकणारं कोणी नाही, आणि मला एकटीला तो ऐकवणार नाही. कुंकू ठेवलं. ते तुमच्या ठरावासाठी नाही. मी परकर नेसत होते तेव्हापासून आईने मला कुंकू लावलंय, तुम्ही तेव्हा कुठे होतात मला ठाऊकही नव्हतं. जे तुम्ही दिलं नाहीत ते तुम्ही गेल्याने जाणार कसं? आणि तुमच्या परवानगीने राहणार कसं? म्हातारी फडकं घेऊन गेली. मास्तरांनी मात्र काल भाषणात सांगितलं, की वहिनींनी पतीची अखेरची इच्छा शिरसावंद्य मानली. माणूस ऐकूच शकत नाही. जन्मतः कान नसलेला आहे तो.

बाकी तुमचं काय झालं तेही सांगते. अस्थी भावोजी गावाला घेऊन गेले. वसंताने त्यांच्या हातात दिल्या, मला न सांगता. तेरावं गावात झालं, पंगती उठल्या. लाडू होते म्हणे. भावोजींच्या तोंडाला जागा राहिली. खोली आणि खिडकी मी तुम्हाला मिळवून दिली, राख मला राखता आली नाही. चिडू नका. त्यांच्यावर चिडायचं काम मी करतेय, आणि माझं त्यांच्यावर चिडून झालेलं नाही. मुंबईचं अजून काही ठरलेलं नाही. ठरलं की वाचून दाखवते, सवय आहे.

आणि आज दुपारी कुमुद आली. एकटी, वसंताला न सांगता. त्या रविवारी शब्द न बोलता पोहे वाढणारी, इस्पितळात खाटेच्या पायथ्याशी उभी राहणारी कुमुद. मला वाटलं, नवऱ्याची बाजू घेऊन आलीय. मी बोलायच्या तयारीत होते. ती खाली माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "आई, एक विचारू? रागावणार नाही ना? तुमच्या वेळी तुम्हाला काय हवंय? मला सांगा. मी करीन. यांना करू देणार नाही दुसरं काही."

अहो, मी तोंड उघडलं आणि काही आलंच नाही. इतके महिने ज्याच्यावरून तुम्हाला फाडून खाल्लं, ते कोणीतरी शेवटी विचारलं, आणि माझ्यापाशी उत्तर तयार नव्हतं. घरी की इस्पितळात, इथे की कुठे, कोणी जवळ हवं की नको, मी कधी स्वतःशी ठरवलंच नव्हतं. आजवर लागलं नव्हतं.

"मला विचार करायला लागेल," मी म्हटलं.

"करा ना," कुमुद म्हणाली. "मी परत येईन."

ती गेली त्याला बराच वेळ झाला. मी खिडकीशी बसलेय आणि विचार करतेय.